मायकेल कॉर्लिओने नक्की कधी बिघडला?

पाणवठा | १८ जुलै, रात्री ९.४०

मालवणात तीन दिवस पाऊस थांबलेला नाही आणि लाईट येऊन-जाऊन आहे. परवा संध्याकाळी इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून मी 'गॉडफादर' बघायला बसलो, पहिला भाग, १९७२ चा. अमेरिकेतल्या डॉन कॉर्लिओने या टोळीप्रमुखाच्या घराची गोष्ट. आजी शेजारी येऊन बसली. तिचं वय ८४, इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. सिनेमे तिने मोजकेच पाहिलेत, पण दशावताराची नाटकं मात्र आयुष्यभर, जत्रेत रात्र-रात्र बसून. दर दोन मिनिटांनी थांबवत मी तिला मालवणीत सांगत होतो.

मला वाटलं होतं अर्ध्या तासात उठेल. पण लग्नाच्या प्रसंगातच ती रमली. बाहेर मांडवात वाजंत्री, नाचगाणं, आणि आत काळोख्या खोलीत यजमान बसलेला, एकेक माणूस गाऱ्हाणं घेऊन येतोय. "हो राजाचो दरबार," म्हणाली. कोण कोणाचा कोण हे मला समजावून सांगावंच लागलं नाही. थोरला सनी तापट, मधला फ्रेडो साधा, धाकटा मायकेल शिकलेला आणि घरच्या धंद्यापासून लांब, एक मुलगी कॉनी, आणि टॉम हा पोर बाहेरून आणून वाढवलेला. पंधरा मिनिटांत तिने सगळी वंशावळ पाठ केली.

अर्ध्यावर तिने विचारलं, "हो धाकटो बिघाडलो कधी रे झिला?"

मी म्हटलं, हॉटेलात बापाच्या जिवावर उठलेल्या त्या दोघांना गोळ्या घातल्या तेव्हा. ती म्हणाली, "नाय रे. तेव्हा तो बापाशीसाठी गेललो. तेव्हा नाय." मग कधी, ते मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सिनेमा संपल्यावर सांगितलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आजीचं उत्तर मी नंतर लिहीन. आधी तुम्ही सांगा. महायुद्धातून पदकं घेऊन आलेला, बापाच्या धंद्याशी माझा संबंध नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा हा मुलगा नेमका कोणत्या क्षणी हातातून गेला?

---

कातळकडा | १८ जुलै, रात्री १०.०५

हॉटेलच. यात दुसरं उत्तरच नाही. संडासाच्या टाकीमागे लपवलेलं पिस्तूल घेऊन तो बाहेर येतो आणि लगेच गोळी घालत नाही, खुर्चीवर येऊन बसतो. समोरचा इटालियनमध्ये बोलतोय, खाली भाषांतर दिलेलं नाही, आणि आगगाडीचा आवाज वाढत वाढत कानठळ्या बसवतो. गाडी कुठे दिसत नाही. ती त्याच्या डोक्यात चाललीय. त्या पाच-दहा सेकंदांत तो उठून निघून जाऊ शकला असता. मेलेल्यांपैकी एक पोलिस कॅप्टन आहे. त्यानंतर परतीचा रस्ताच उरत नाही.

---

घाटावरचा | १८ जुलै, रात्री १०.३०

कोल्हापूरकर असलो तरी हा सिनेमा मी इतक्या वेळा पाहिलाय की बोलल्याशिवाय राहवत नाही.

हॉटेलच्या आधीचा दवाखाना आठवा. गोळ्या लागलेला बाप खाटेवर, पहारा काढून घेतलेला, मारेकरी वाटेत आहेत. मायकेल आणि एन्झो नावाचा पाववाला दोघे दारात उभे राहतात, खिशात हात घालून, जणू हत्यार आहे. गाडी निघून गेल्यावर एन्झो सिगारेट पेटवायला जातो तर त्याचे हात लटलट कापतायत. मायकेल त्याच्या हातातून लायटर घेतो आणि पेटवून देतो. मग क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. हात स्थिर. आपण कोण आहोत हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. हॉटेल ही नुसती अंमलबजावणी.

आणि प्रकाशाबद्दल सांगायलाच हवं. छायाचित्रकार गॉर्डन विलिस. डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोच्या डोक्यावरून दिवा सोडलाय, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख. समोरच्याला त्याचे डोळे दिसत नाहीत, आपल्यालाही नाहीत. त्या काळी स्टुडिओला ते फार अंधारं वाटलं होतं. आता शेवटाकडे मायकेल त्याच खोलीत बसतो तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर काळोख कसा चढत गेलाय ते बघा.

---

तिरफळ | १८ जुलै, रात्री १०.४१

लग्नातच. बापाशीन बँडवाल्याक पिस्तूल दाखवून कागदार सही कशी घेतल्यान, ह्यां होणाऱ्या बायलेक इतक्या सविस्तर सांगणारो झील निम्मो तयारच आसता. 'मी तसो नाय' म्हणता, पण गोष्ट कशी रंगवून सांगता बघा!

---

सुरंगी | १८ जुलै, रात्री १०.५५

तिरफळ, तुझं बरोबर असू शकतं, आणि ते मला आवडत नाहीये. :)

पाणवठा, आजींचं उत्तर आत्ता सांगा. असं लटकवून ठेवणं बरं नव्हे.

---

पाणवठा | १८ जुलै, रात्री ११.००

नाही. आजीने मला दोन तास थांबवलं, तुम्ही दोन दिवस थांबा.

---

उंडीण | १९ जुलै, सकाळी ८.१५

या प्रश्नालाच माझी हरकत आहे, आणि मनापासून आहे.

"मायकेल कधी बिघडला" असं विचारलं की आपण गृहीत धरतो की बाकीचे बिघडलेले असले तरी प्रेमळ, घरंदाज आहेत आणि शोकांतिका एकट्या मायकेलची आहे. सिनेमा आपल्याला तिकडेच नेतो. सगळा वेळ आपण त्यांच्या घरात आहोत, त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. डॉनचा माणूस क्लेमेन्झा टोमॅटोची आमटी कशी करायची ते शिकवतो आणि आपल्याला तो मामासारखा वाटायला लागतो. मेलेल्यांच्या घरात कॅमेरा एकदाही जात नाही. त्या पोलिस कॅप्टनला बायकामुलं होती का? शेवटी बाप्तिस्म्याच्या वेळी मायकेलने ज्यांना मारवलं त्यांच्या घरी त्या रात्री काय झालं?

मी श्रीवर्धनची. २४ मार्च २०१२ ला दिवेआगरच्या सुवर्णगणेशावर दरोडा पडला. सगळीकडे बातमी सोन्याच्या मुखवट्याची. पण त्या रात्री देवळातल्या दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले. मुखवटा वितळवला गेला, नंतर नवा बसवला, लोक पुन्हा दर्शनाला यायला लागले. ती दोन माणसं कुणी परत घडवली? दरोडेखोरांवर सिनेमा निघाला तर तो त्यांच्या घरातून सुरू होईल, त्यांच्या आईपासून, आणि आपण रडू. पहारेकऱ्याच्या घरातून सुरू होणारा सिनेमा मला बघायचाय.

अजून एक. या आख्ख्या सिनेमात 'माफिया' हा शब्द नाही. एका इटालियन-अमेरिकन संघटनेच्या दबावामुळे निर्मात्याने तो काढून टाकला होता. म्हणजे धंद्याला नावच नाही, जे काही आहे ते 'कुटुंब'. त्या एका शब्दाने सगळं झाकलं गेलं.

---

घाटावरचा | १९ जुलै, सकाळी ९.५०

उंडीण, पहारेकऱ्यांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही.

तरीही सिनेमाच्या बाजूने बोलतो. सुरुवात कुणापासून होते? बोनासेरापासून. तो प्रेतं सजवणारा आहे, त्याच्या मुलीला दोन पोरांनी मारलंय, कोर्टाने त्यांना सोडून दिलंय. म्हणजे पहिला चेहरा बळी पडलेल्या बापाचाच आहे. तो डॉनकडे न्याय मागतो आणि त्या क्षणापासून त्याचा कर्जदार होतो. हे कर्ज डॉन केव्हा वसूल करतो? सनीला टोलनाक्यावर चाळणी करून मारल्यावर. मध्यरात्री डॉन स्वतः त्याच्याकडे जातो आणि सांगतो, याला नीट कर, याच्या आईला हा असा दिसू नये. मुलीसाठी रडणारा बाप आणि मुलासाठी रडणारा बाप त्या तळघरात समोरासमोर येतात. डॉनची सगळी सत्ता मुलाच्या प्रेताला पावडर लावण्यापुरती उरलेली असते. याला मी उदात्तीकरण म्हणणार नाही.

---

उंडीण | १९ जुलै, सकाळी १०.२०

प्रसंग ग्रेटच आहे. पण तिथेही आपण रडतो सनीसाठी.

---

दीपस्तंभ | १९ जुलै, दुपारी ३.३०

वय ७४. आयुष्यभर किनाऱ्यावरच्या गस्तीची सरकारी नोकरी केली, बरीच वर्षं रायगडात. सिनेमाचं मला फार कळत नाही. 'गॉडफादर' मुलाने दाखवला तेव्हा पाहिला. पण उंडीण यांनी शब्दाबद्दल लिहिलंय त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे आहे.

आमच्या वेळी किनाऱ्यावर कुणीही 'तस्करी' हा शब्द वापरत नसे. "काम आहे", "माल उतरलाय", "तो लाईनीत आहे", एवढंच. आणि ते का चालत होतं हे तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून लिहितो. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १९६८ चा कायदा त्यापुढचा, तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. लग्नात सोनं तर हवंच. मग ते आखातातून लाँचवर यायचं. दहा तोळ्यांची बिस्किटं, कापडी जॅकेटला शिवलेल्या खिशांत भरलेली, एका जॅकेटात शंभर. म्हणजे साडेअकरा किलोंहून जास्त वजन एका माणसाच्या अंगावर. रात्री पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतून, ते घालून चालायचं. सोबत घड्याळं, ट्रान्झिस्टर, नायलॉनचं कापड.

एकदा एका रात्री आम्ही असाच एक पोरगा पकडला, वीस-एकवीस वर्षांचा. सकाळी त्याची आई आली. त्याच्यासाठी भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती, आणि तेवढीच आमच्यासाठी. मला म्हणाली, "साहेब, माझा पोर नुसता ओझं उचलतो." तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या हिशेबात चोरी म्हणजे कुणाच्या तरी घरातली वस्तू उचलणं, आणि इथे कुणाच्याच घरातलं काही गेलं नव्हतं. तिला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हाही सुचलं नाही. ती भाकरी मी खाल्ली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. सिनेमात म्हातारा डॉन अमली पदार्थांच्या धंद्याला नाही म्हणतो. जुगार, दारू ठीक, हे नको. पाहताना तो मोठा तत्त्वाचा वाटतो. पण रस्ता त्यानेच बांधलेला असतो. विकत घेतलेले न्यायाधीश त्याचे, पोलिस त्याचे, गप्प बसायची सवय त्यानेच लावलेली. त्या रस्त्याने उद्या काय जाईल हे त्याच्या हातात राहत नाही. आमच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं 'नुसतं सोनं' उतरलं. तीच पुळण, तेच वाटाडे, तीच डोळेझाक. आणि १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला त्याच वाटेने आरडीएक्स आणि हत्यारं उतरली. १२ मार्चला मुंबईत बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्या प्रकरणात वर्दीतल्या लोकांनाही शिक्षा झाल्या. माझ्याच पेशातली माणसं होती ती.

त्यामुळे मायकेल कधी बिघडला हे मला विचाराल तर तो जन्मायच्या आधी. बापाने पहिल्यांदा एखाद्या पोलिसाला पाकीट दिलं त्या दिवशी.

---

सुरंगी | १९ जुलै, दुपारी ३.५२

काका, पुन्हा एकदा वाचला तुमचा प्रतिसाद. त्या आईला मी विसरू शकणार नाही.

---

नाखवा | १९ जुलै, संध्याकाळी ६.१०

मी हर्णैचा. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी आहे, बोटी वर ओढून झापांनी शाकारल्यात, जाळी विणत बसलोय म्हणून लिहायला सवड आहे.

दीपस्तंभ काकांचा मान राखून एक बाजू सांगतो. 'किनाऱ्यावरचे लोक गप्प बसले' असं म्हणणं सोपं आहे. रात्री दोन वाजता तुमच्या वाडीसमोर अनोळखी लाँच लागते, वीस माणसं उतरतात, त्यांच्याकडे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, पण कुणाची माणसं आहेत ते माहीत आहे. तुम्ही कुणाला सांगणार? ज्याला सांगायचं तोच त्यांच्याबरोबर चहा पितो हे गावाने पाहिलेलं असतं. आमचे आजोबा सांगायचे, दारात कंदील घेऊन बाहेर यायचं नाही, एवढाच नियम. त्यात लोभ नव्हता, भीती होती.

आणि स्फोटांनंतर भोगलं कुणी? वर्षानुवर्षं समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं गेलं. सोन्यावर ज्यांनी बंगले बांधले ते कधीच मुंबईला, तिथून आणखी पुढे निघून गेले होते. ज्यांनी जॅकेटं वाहिली त्यातले काही बुडाले. साडेअकरा किलो अंगाला बांधून होडीतून पडला की माणूस वर येत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी.

सिनेमातही हेच आहे बघा. डॉनच्या घराबाहेर जी माणसं पहाऱ्याला उभी असतात त्यांची नावं कुणाला आठवतात का?

---

दीपस्तंभ | १९ जुलै, संध्याकाळी ६.४५

नाखवा, तुमचं म्हणणं मान्य. कंदिलाचं खरं आहे. आम्ही गस्तीला निघालो की वाडीतले सगळे दिवे मालवलेले असत, आणि आम्ही त्याचा अर्थ 'सगळे सामील' असा लावायचो. तुमच्या आजोबांच्या बाजूने तेव्हा विचार केला नाही.

---

सडा | १९ जुलै, रात्री ८.३०

चर्चा फार गंभीर वळणावर गेली, आणि ते चांगलंच झालं, पण मला पाणवठाच्या आजींच्या 'दरबारा'कडे परत जायचंय. मी कुडाळचा, दशावतारात वाढलेला.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कंपनीचा मालक संध्याकाळी कथा सांगतो, कोण कोणता राजा ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. त्यामुळे नटाला पात्राचं नातं पक्कं ठाऊक असावं लागतं: मी याचा कोण, हा माझा कोण. नातं कळलं की वाक्य आपोआप येतं. आजींना भाषा न कळता सिनेमा कळला यात मला जराही नवल वाटत नाही.

त्या नजरेने बघितलं तर टॉम हेगन सरळसरळ विदुर आहे. घरातच वाढलेला, सगळ्यांत शहाणा, दरबारात बसतो, सल्ला देतो, पण गादीशी रक्ताचं नातं नाही. युद्ध सुरू होणार तेव्हा मायकेल त्याला सल्लागारपदावरून बाजूला करतो. विदुराचं ऐकायचं नसेल तेव्हा त्याला बाहेर ठेवायचं, ही रीत जुनीच.

आणि म्हातारा डॉन? तो माझ्या मते धृतराष्ट्र. डोळे न दिसणारा! घाटावरचा यांनी प्रकाशाचं सांगितलं तेव्हा हेच मनात आलं.

---

घाटावरचा | १९ जुलै, रात्री ८.४८

सडा, वा! गॉर्डन विलिसला धृतराष्ट्र माहीत नव्हता, पण दिवा बरोबर जागी लावला.

---

तिरफळ | १९ जुलै, रात्री ९.०२

मगे दशावतारातलो हसवणारो संकासुर कोण? माझ्या मते फ्रेडो. मेळो लासव्हेगासाक जावन कोट काय घालता, मिशी काय ठेवता!

---

शिरवळ | २० जुलै, रात्री १२.२०

झोप येत नाही म्हणून लिहिते. इथे कधी लिहिलेलं नाही, नुसती वाचते. गावाचं नाव सांगणार नाही, रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं एक गाव एवढंच.

आमचं मोठं घर होतं. आजोबा, आजी, थोरले काका-काकी, माझे आईवडील, सगळी भावंडं. वडील शाळेत शिक्षक. काकांची होडी होती. एका पावसाळ्यात वादळात घराची कौलं उडाली, दोन खोल्या उघड्या पडल्या. त्यासाठी काकांनी पहिल्यांदा 'काम' केलं, हे मला खूप नंतर कळलं. नवी मंगलोरी कौलं आली. मग टेपरेकॉर्डर आला. काकीच्या हातात पाटल्या आल्या. मी आठ-नऊ वर्षांची होते, मला नायलॉनचा फ्रॉक आला, निळा, त्यावर पांढरी फुलं. गावात तसा कुणाकडे नव्हता.

एका रात्री सगळे जेवायला बसलो होतो. आईने वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, हे सगळं येतं कुठून?" आवाज चढवला नव्हता. काका ताटाकडे बघत राहिले. आजोबा म्हणाले, "जेव." आईला नव्हे, काकांना म्हणाले. पण उत्तर आईलाच होतं. ती आत गेली, आमटीची कढई घेऊन आली आणि वाढायला लागली. त्यानंतर आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारला नाही.

माझा चुलतभाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा, पंक्तीत माझ्या शेजारीच होता. पुढे तोही बापाबरोबर जायला लागला. १९८७ च्या दिवाळीनंतर एका रात्री गेला, तो आला नाही. प्रेतही मिळालं नाही. तक्रार कुठे करणार? कुठे गेला होता म्हणून सांगणार? काकी पुढचं वर्षभर त्याचं ताट मांडत होती. पाटल्या तिने एक दिवस खाडीत टाकल्या असं आई सांगते. मी पाहिलं नाही.

तुम्ही विचारता कधी बिघडलं. मला त्या "जेव"शिवाय दुसरं काही आठवत नाही. काका वाईट नव्हते. आजोबा तर नव्हतेच. सगळे घरासाठीच करत होते. तो निळा फ्रॉक मी दोन वर्षं हौसेने घातला.

---

सुरंगी | २० जुलै, सकाळी ७.०५

शिरवळताई, काय लिहू? तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत. तुम्ही नऊ वर्षांच्या होता. त्या फ्रॉकचं ओझं तुमचं नाही.

---

उंडीण | २० जुलै, सकाळी ८.४०

शिरवळ, मी वर लिहिलं होतं की आतल्या घरांची गोष्ट आता पुरे, बाहेरच्या घरांची सांगा. तुमचा प्रतिसाद वाचून माझा तो ठामपणा राहिला नाही. जे घर आतलं ते एका रात्रीत बाहेरचंही होतं, हे मला सुचलं नव्हतं.

---

कातळकडा | २० जुलै, सकाळी ९.३०

मी हॉटेलवर अडून बसलो होतो. मत बदलतोय.

शिरवळ यांचं ते जेवण वाचल्यावर दुसऱ्या भागाचा (१९७४) शेवट आठवला. सगळं संपल्यावर मायकेल एकटा बसलाय आणि त्याला जुना दिवस आठवतो. डिसेंबर १९४१, बापाचा वाढदिवस, सगळी भावंडं जेवणाच्या टेबलाभोवती. मायकेल सांगतो की मी सैन्यात नाव घातलंय. सनी भडकतो, टॉम म्हणतो तुझ्यासाठी वडिलांनी वेगळे बेत केले होते. एकटा फ्रेडो त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करतो. तेवढ्यात बाप दारात आल्याची चाहूल लागते, सगळे उठून त्याला आश्चर्याचा धक्का द्यायला पळतात आणि मायकेल एकटा टेबलाशी उरतो. बाप पडद्यावर दिसतही नाही, आवाज फक्त.

ज्याने हात दिला त्याच भावाला पुढे त्याने मारवलेलं आहे, आई जिवंत होती तोवर थांबून. म्हणजे माझं आजचं उत्तर असं: तो बिघडला त्या टेबलाशी परत आला तेव्हा. एकदा उठून गेला होता तो. युद्धावर गेला, वाचला, आणि मग घरासाठी परत आला.

---

सुरंगी | २० जुलै, सकाळी १०.१५

कातळकडा +१, पण मला कॉनीबद्दल कुणीच काही म्हटलं नाही याचं वाईट वाटतंय. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा चाललाय, मायकेल धर्मपिता म्हणून उभा आहे, पाद्री विचारतोय सैतानाचा त्याग करतोस का, तो म्हणतोय करतो, आणि तेवढ्यात शहरभर त्याची माणसं खून करतायत. सगळे या जोडणीचं कौतुक करतात, मीही करते. (ते बाळ म्हणजे दिग्दर्शक कोपोलाची स्वतःची तान्ही मुलगी सोफिया, आणि कॉनीचं काम करणारी टालिया शायर त्याची सख्खी बहीण. गुन्हेगारांच्या घराची गोष्ट त्याने स्वतःचं घर घेऊन केली.) पण त्याच दिवशी थोड्या वेळाने मायकेल तिच्या नवऱ्याला, कार्लोला, समोर बसवून धीर देतो की मी माझ्या बहिणीला विधवा करीन का? आणि त्याला गाडीत बसवून गळा आवळायला लावतो.

कार्लो चांगला नव्हताच, बायकोला मारायचा, सनीला त्यानेच फसवून बाहेर काढलं. पण कॉनी किंचाळत घरात येते तेव्हा मायकेल म्हणतो ती भ्रमिष्ट झालीय, डॉक्टर बोलवा. खरं बोलणारी घरात एकटी तीच, आणि तिलाच वेडी ठरवलं.

---

सडा | २० जुलै, सकाळी १०.४०

पाणवठा, दोन दिवस होत आले. आता आजींचं उत्तर.

---

पाणवठा | २० जुलै, रात्री ९.१५

सकाळपासून लाईट नव्हती, आत्ता आली. सगळं आजीला वाचून दाखवलं. दीपस्तंभ काकांच्या भाकरीच्या ठिकाणी ती म्हणाली, "खाऊक व्हयी होती रे." शिरवळताईंचा प्रतिसाद संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "त्या काकीचा नाव काय?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. "बरा केल्यान," म्हणाली.

आता तिचं उत्तर. सुरंगी अगदी त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

कॉनीला आत नेल्यावर मायकेलची बायको के त्याला विचारते, हे खरं आहे का? तो चिडतो, माझ्या धंद्याबद्दल विचारू नकोस म्हणतो. मग म्हणतो ठीक, फक्त एकदाच विचार. ती विचारते. तो तिच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, नाही. तिचा जीव भांड्यात पडतो, ती त्याला मिठी मारते, दोघांसाठी पेय ओतायला बाहेर जाते. तिथून वळून बघते तर आत माणसं येऊन त्याच्या हाताचं चुंबन घेतायत. आणि दार लावलं जातं.

आजी म्हणाली, "त्याणा बायलेक फसवल्यान. थयच तो संपलो." मी म्हटलं, अगं इतके खून केले त्याचं काय? ती म्हणाली, "खून भायर केल्यान. तेव्हा घर होता, थय परत येवक जागा होती. तिना इचारल्यान म्हणजे ती दार उघडा ठेवून उभी होती. तो खरा बोललो असतो तर ती रडली असती, भांडली असती, पण घर रवला असता. 'नाय' म्हटल्यान आणि घरच भायर झाला."

मी तिला सांगितलं की दुसऱ्या भागात के त्याला सोडते, आणि मुलांना भेटायला आलेली असताना तो तिच्या तोंडावर पुन्हा दार लावतो. "म्हणजे दोनदा लागला," म्हणाली.

उंडीण, तुमची हरकतही मी तिला सांगितली. पहारेकऱ्यांचं ऐकून तिने हात जोडले. मग म्हणाली की त्यांच्या घरची गोष्ट कुणी केली तर तीही लावून दे.

आता माझी अडचण. तिला दुसरा भाग बघायचाय, रविवारी. पण कालपासून ती सारखी एकाच माणसाची चौकशी करतेय: "तो मधलो, साधो आसा बिचारो. त्येका पुढे संभाळतत मा?" कातळकडांचा प्रतिसाद वाचताना फ्रेडोची ओळ मी गाळली. तिचा स्वतःचा मधला भाऊ असाच होता, सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला, तरुणपणीच गेला. दाखवू की नको?

---

शिरवळ | २० जुलै, रात्री ९.५०

दाखवा. पण गाळलेली ओळ आधी वाचून दाखवा. ती विचारतेय तर सांगा.

---

पाणवठा | २० जुलै, रात्री १०.३०

सांगितलं. म्हणाली, "माका वाटलाच होता." रविवारी बघणार आहे.

---

तिरफळ | २० जुलै, रात्री १०.३४

इन्व्हर्टर आधी चार्ज करून ठेव. दुसरो भाग सव्वातीन तासांच्या वर आसा, आणि आजी धरून पाच.